दिवसा सांगितलेली गोष्ट

प्रिय शालिक,

कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्याला सांगता येते आणि सख्ख्या बहिणीला सांगता येत नाही काय रे? इतकी वर्षं झाली तुला जाऊन. स्वप्नात तू आला नाही असं नाही. एकदा येऊन मासोळीचं कालवण मागितलं. एकदा माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून चपलेतला चिखल काडीनं काढत राहिला, बोलला काहीच नाही. माझ्या दुर्गाच्या लग्नाच्या आधी आला तेव्हा मांडव वाकडा आहे म्हणून सांगून गेला, आणि सकाळी पाहिलं तर मांडव खरंच वाकडा होता. एवढं सगळं तुला सांगता आलं. पण "बाई, मी वाट चुकलो नव्हतो", हे तेवढं सांगता आलं नाही.

मी रागात आहे. रागात असली की माझी अक्षरं मोठी होतात, तुला माहीत आहे. चौथीपर्यंतचं शिक्षण माझं, तेही अर्धं धानाच्या बांधीत गेलेलं. चुका काढत बसू नको.

झालं असं. परवा मंगळवारी सडक अर्जुनीकडं लग्न होतं, केशोरीहून सगळ्यांची एकच गाडी निघाली. कोहमाऱ्याला चहासाठी थांबली. तू गेल्यापासून मी त्या चौकात पाय ठेवला नव्हता. गोंदियाला जायचं काम पडलं तर रेल्वेच्या त्या दुसऱ्या अर्जुनीला जाऊन गाडीत बसायची, पण कोहमाऱ्यावरून बस घ्यायची नाही. या खेपेला सगळ्यांच्या मधात मी एकटी कशी नाही म्हणू? उतरली. ढाब्यावर एक म्हातारा कढईसमोर बसला होता. माझ्याकडं पाहतच राहिला.

"तू शालिकची बहीन नोहोय का वं?"

मी म्हटलं, "होय. काऊन?"

"तोंड तसंच आहे. तो गेला त्या दिवशी इथंच चहा पेला. मी त्याले म्हटलं, गाडी रिकामी आहे, पानी पडून राहिलं, सीधा घरी जा ना गा. तर म्हने, नाही, देवरीले जाऊन येतो. बाईनं कॉमिकचा दुसरा भाग मागतला. गोंदियाले भेटला नाही, देवरीच्या बसस्टँडवर भेटते म्हंते."

मी चहाचा गिलास हातात धरून राहिली. म्हाताऱ्याला वाटलं साखर कमी झाली. त्यानं वरून चमचाभर टाकली आणि म्हणाला, "तुमाले मालूम नोहोतं काय?"

नव्हतं. कोणालाच मालूम नव्हतं. तू धान गिरणीवर टाकून गोंदियाहून रिकामा मेटाडोर घेऊन निघाला होता. कोहमाऱ्याच्या चौकातून सरळ नवेगावकडं यायचं. डोळे मिटून आला असता तरी आला असता, इतका तो रस्ता तुझ्या हाताखालचा. आणि गाडी सापडली देवरीच्या रस्त्यावर, शेतात उलटी पडलेली. जो तो एकच विचारत होता, तिकडं काऊन गेला? चंद्रभागा काकी आपल्या ओसरीत आली, माझ्यासमोर बसली, आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "वाट चुकला." पुढं बोलायची गरजच नव्हती. आदल्या दिवशी बांधीत ज्या ज्या बाया होत्या, त्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

कारण आदल्या दिवशी मी दिवसा गोष्ट सांगितली होती.

बाबाचा नेम आपल्याला पाळण्यात असल्यापासून माहीत. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या लेकराचा मामा वाट चुकतो. बाबा दिवसा कोणी कितीही गोडीत मागितली तरी सांगायचा नाही. "दिवे लागू द्या," म्हणायचा. मला वाटायचं, दिवसा काम करावं म्हणून म्हाताऱ्यांनी काढलेली युक्ती आहे. अजूनही अर्धं तसंच वाटते. पण अर्धंच.

त्या वर्षीचा रोवणा आठवते? तुला कसा आठवेल, तू गाडीवर. आमची गाणारी बाई तापानं पडली होती. गाणं नाही तर रोवणाऱ्या बायांचे हात जड होतात. एक इकडं, एक तिकडं, ओळ वाकडी. माझा आवाज फाटका, मी गाऊ कशी? मग मी तू रविवारी आणलेलं ते कॉमिक सांगायला लागली. दुर्गा सातवीत होती, शाळा बुडवून धानाच्या रोपांच्या पेंढ्या टाकत होती. तीही कान देऊन ऐकून राहिली. तिनं ते तुझ्याजवळ बसून आधीच वाचलं होतं, तरी.

काकीनं कंबर सरळ केली. "देवका, दिवसाढवळ्या गोष्ट सांगून राहिली काय वं? पोट्टी आयकून राहिली तुझी. तिचा मामा मोटर चालवते."

मी म्हटलं, "हे गोष्ट नोहोय काकी. हे कॉमिक आहे. छापलेलं, गोंदियाहून येते. याले तो नेम लागत नाही."

"राजा आहे का त्याच्यात?"

"नाही."

"राकस?"

"राकस आहे, पन शहरातला."

बाया हसल्या. काकी नाही हसली. "राकस आहे तं गोष्टच आहे," म्हणाली आणि वाकली.

मी पुढं सांगत राहिली. आता ऐक शालिक, माझं पाप कुठं आहे ते. मी दिवसा गोष्ट सांगितली, हे अर्धं. मी काकीला जे म्हणाली ते माझं मलाच खरं वाटत नव्हतं, हे दुसरं अर्धं. कारण त्याच रविवारी, आपल्याच ओसरीत, मी तुझ्याशी नेमकं उलटं भांडली होती.

तू ते कॉमिक आणलं तेव्हा तुझे डोळे कसे झाले होते. गोंदियाला माल भरेपर्यंत स्टेशनाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर तू बसायचा, तिथून आणायचा. लग्नाच्या वयाला आलेला बाप्या, आम्ही तुझ्यासाठी पोरगी पाहून राहिलो, आणि तू भाचीच्या शेजारी पालथा पडून चित्रं पाहून राहिला. म्हणाला, "बाई, हे साधं कॉमिक नोहोय. दोन-दोन हिरो आहेत एकात. त्याचं वेगळं निघते, याचं वेगळं निघते. आता दोघं संगच." त्यांची नावं हिंदीत लांबलचक होती. मी आपली एकाला लोखंड्या म्हणायची, कारण त्याचा एक हात लोखंडाचा, आणि दुसऱ्याला पाखऱ्या, कारण त्याला पंख.

तू म्हणाला, "बाबाची कथा म्हंजे बैलबंडी आहे, बाई. हे मोटर."

आणि मी म्हणाली, "मोटर कायची? बाबाचाच माल आहे. पँट घातली एवढंच."

बाबाची मोठी कथा मलाच पूर्ण येते. तुला येत नव्हती, तू नुसता हुंकार द्यायचा. कथा सांगणाऱ्याला समोरून कोणीतरी "हूं" म्हणत राहावं लागते, नाही तर कथा पुढं सरकत नाही. ते काम तुझं. तू झोपेतही हूं म्हणायचा. बाबानं एकदा तुझी परीक्षा घेतली. "मग राजानं विळा खाल्ला," म्हणाला. तू म्हणाला, हूं. "मग विळ्यानं राजा खाल्ला." हूं. "मग शालिक गाढव झाला." हूं. मी हसून हसून पडली आणि तू जागा झाला तर रडायला लागला. तुला वाटलं गोष्ट संपली.

तर त्या रविवारी मी तुला बोटांवर मोजून दाखवलं होतं. बाबाच्या मोठ्या कथेत एकडोळ्या राक्षस सूर्याला नवेगावच्या बांधाएवढ्या तळ्याच्या बुडाला दाबून ठेवतो. तो एकट्यादुकट्याच्या हातचा नाही. मग डोंगऱ्या येते, जो खांद्यावर टेकडी घेऊन चालते. मातीच्या हत्तीत जीव घालणारी कुंभाराची पोर येते. कधी म्हातारा न होणारा नावाडी येते. या तिघांच्या तीन वेगळ्या गोष्टी बाबानं आपल्याला आधीच्या वर्षी सांगितलेल्या. डोंगऱ्याची गोष्ट संपली असं आपण समजून बसलो होतो. आणि मोठ्या कथेत एकदम डोंगऱ्या तळ्याच्या पाळीवर उभा! तू अंगावरची गोधडी फेकून उठला होता. लोखंड्याच्या पुस्तकात पाखऱ्या उतरला तेव्हा तू अगदी तसाच उठला, फक्त वय वाढलेलं.

आणि भांडणही तेच. डोंगऱ्या आणि नावाडी आधी एकमेकांना मारतात, कारण याला वाटते सूर्य त्यानं चोरला. लोखंड्या आणि पाखऱ्याही आधी एकमेकांचे दात पाडतात. पानंच्या पानं नुसती मारामारी. मी म्हटलं, "दोघं चांगले आहेत तं पहिले बोलत काऊन नाही?" तू म्हणाला, "बोलले असते तं कॉमिक दोन पानात संपलं असतं, बाई." हे तुझं बरोबर होतं. बाबाचंही तेच कारण असेल.

म्हणजे रविवारी मी म्हटलं, दोन्ही एकच. आणि पुढं चार-पाच दिवसांनी बांधीत, काकीचं तोंड बंद करायला म्हटलं, दोन्ही वेगळे. आणि तू देवरीच्या रस्त्यावर सापडला.

त्यानंतर मी काय केलं असेल सांग? या दोघांमधला फरक शोधत बसली. इतकी वर्षं. भाकर भाजताना, निंदण करताना, बाजारातून येताना. फरक सापडला की मी सुटली, कारण मग कॉमिक ही गोष्ट नाही आणि नेम मोडला नाही. सारखेपणा सापडला की मी अडकली. कोणी शिकलेला माणूस असा विचार करत असेल का, मला माहीत नाही. मला तर मी सुटते की नाही एवढंच पाहायचं होतं.

फरक सापडलेही. बाबाच्या कथेत मेलेला माणूस मेलेलाच राहतो. कुंभाराची पोर शेवटी आपलाच जीव हत्तीत घालते, सूर्य वर येते, पण ती नाही येत. मी किती वेळा बाबाला म्हटलं, तिला परत आण ना. बाबा म्हणायचा, "माझ्या हातात नाही." कॉमिकमध्ये असं नाही. तूच म्हणाला होता, पाखऱ्या आधी एकदा मेला होता, मग त्याच्याच पुढच्या पुस्तकात उठून बसला. मला ते फार खोटं वाटलं होतं तेव्हा. तू गेल्यावर नाही वाटलं. तू गेल्यावर मला वाटलं, ज्यानं हे काढलं त्याच्याही घरचं कोणीतरी गेलं असेल.

दुसरा फरक. बाबाच्या कथेतून डोंगऱ्या घरी परत येते तर त्याला कोणी ओळखत नाही. बायको पाणी विचारते पाहुण्याला विचारावं तसं. लोखंड्याच्या शहरात सगळं पडझड होते आणि पुढच्या पानावर शहर झाडूपोछा केल्यासारखं. बाबाची कथा वसूल करते. कॉमिक फुकटात सोडून देते.

असे फरक धरून मी काही महिने बरी राहायची. मग एखाद्या दिवशी आपोआप आठवायचं, की त्या तळ्याच्या पाळीवर आणि त्या शहराच्या गच्चीवर तू एकसारखाच उठला होता. आणि पुन्हा अडकायची.

दुर्गाला मी एकदा मारलं. हे तुला सांगायचं राहिलं होतं. तू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी ती शेजारच्या लहान पोरीला दुपारी काहीतरी सांगून राहिली होती, सशाचं की कोल्ह्याचं. मी चुलीजवळून उठली आणि तिच्या पाठीत घातली. ती रडली नाही. म्हणाली, "आई, हिचा मामा तर नागपूरले ऑफिसात बसते." तुझ्यासारखीच आहे, उत्तर तयार. त्यानंतर आपल्या घरात दिवसा काय, दिवे लागल्यावरही गोष्ट निघाली नाही. मी बाबाची कथा तोंडातून काढलीच नाही. दुर्गाला ती अर्धीच माहीत, तिच्या भावाला, हेमराजला, तेवढीही नाही.

आता दुर्गाला पोरगी आहे, परी. चार वर्षांची. मोबाइलवर उडणारे माणसं पाहते आणि मला येऊन सांगते कोणी कोणाला कसं आपटलं. परवाच्या लग्नाआधी इथं राहायला आली होती. दुपारी माझ्या मांडीवर चढून म्हणाली, "आजी, तू बी एक सांग." मी तिला खाली ठेवलं. जरा जोरातच ठेवलं. दुर्गा पाहत होती.

ती म्हणाली, "आई, आबाची कथा तुझ्यासंगच जाईल काय?"

मी म्हटलं, "जाऊ दे. हेमराज तिरोड्याकडं वीजघराच्या राखेचा ट्रक चालवते. परीचा मामा आहे तो."

"रातच्याला सांग ना मग. रातच्याला तर चालते."

मी नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं मी हट्ट करून राहिली. मी भीत होती, शालिक. एकदा हात पोळला की माणूस विझलेल्या चुलीलाही हात लावत नाही, तसं.

आणि त्यानंतर चार दिवसांनी हा ढाबेवाला भेटला.

पहिल्यांदा मला हलकं वाटलं. खोटं कायले बोलू? गाडीत बसली आणि खिडकीतून पाहत राहिली आणि मनात म्हटलं, चुकला नव्हता. माहीत असून गेला होता. काकीचं खोटं, नेम खोटा, मी मोकळी. लग्नात मी दोनदा भात घेतला.

घरी येऊन लुगडं बदलताना ते वाक्य आठवलं.

तू गेला त्या दिवशीची सकाळ. आदल्या दिवशी बांधीत मी गोष्ट सांगितली खरी, पण ती पूर्ण कुठं झाली? पहिल्या भागात लोखंड्या आणि पाखऱ्या दोघंही त्या शहरातल्या राक्षसाच्या खड्ड्यात पडतात, वरून दगड लोटला जातो, आणि खाली लिहिलेलं की पुढचं पुढच्या भागात. मीही तिथंच थांबली. बाया भडकल्या. "असं कसं वं मधातच?" एकीनं रोपांची पेंढी माझ्या पाठीवर फेकून मारली. मला मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यासाठी कोणी इतकं अडून बसलं होतं.

बाबानं असं कधी केलं नाही, हे मला त्या वेळी का नाही आठवलं? बाबाचा दुसराही एक नेम होता, तो कोणी नेम म्हणून सांगितला नाही म्हणून माझ्या ध्यानात राहिला नाही. कथा थांबवायची तर बाबा आधी माणसाला गावात आणायचा. गाव नसलं तर झाडावर चढवायचा, खाली धुनी पेटवायचा, मग म्हणायचा, "आता तो झोपला, तुम्हीबी झोपा." रानात कोणाला उभं सोडून बाबा उठला नाही. बाकीचे सगळे फरक मी शोधले आणि खरा फरक हा होता. कॉमिकवाल्यांना पुढचा भाग विकायचा असते, त्यांनी खड्ड्यात सोडलं, त्यांचा धंदा आहे. मी तर आपल्या बायांनाच सोडलं होतं. मला कायचा धंदा होता?

सकाळी तू गाडी चालू केली. पाऊस होता. मी बांधीकडं निघाली होती, डोक्यावर पोत्याची घोंगशी. दोन बाया मागं होत्या. त्यांच्यासमोर जरा तोरा मिरवावा म्हणून मी तुला ओरडून म्हटलं, "दुसरा भाग आणल्याशिवाय घरी येऊ नको."

हे मी म्हटलं होतं. आणि इतकी वर्षं मला त्याची आठवणही नव्हती. दिवसा सांगितल्याचं पाप मी इतकं घट्ट धरून बसली, की हे त्याच्याखाली दबून गेलं. आता वाटते, मनानं मुद्दामच तसं केलं असेल. नेम मोडल्याचं पाप सगळ्यांचं असते, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं असते, त्यात आपण एकटे नसतो. हे वाक्य माझं एकटीचं.

आणखी एक गोष्ट लग्नाहून आल्यावर सुचली. उलटलेल्या गाडीचं तोंड कोहमाऱ्याकडं होतं. तुला आणायला गेली तेव्हा मी स्वतः पाहिलं आहे. तेव्हा कोणी त्याचा विचार केला नाही, कारण वाट चुकलेला माणूस कुठंही तोंड करून असू शकते. पण तू माहीत असून गेला होता, म्हणजे तू परत येऊन राहिला होता. म्हणजे दुसरा भाग तुला भेटला होता, किंवा भेटला नव्हता म्हणून तू तसाच परत निघाला होता. भेटला असेल तर तू तो देवरीच्या बसस्टँडवरच वाचला असशील. घरापर्यंत थांबणारा माणूस तू नाही. भेटला नसेल तर "घरी येऊ नको" म्हणणाऱ्या बहिणीकडं तू कोणतं तोंड घेऊन येऊन राहिला होता? मनात काय चाललं होतं तुझ्या? गाडी जोरात होती का रे?

मी तुझ्यावरही रागावली आहे, हे लिहून ठेवते. तुला नाही म्हणता येत नव्हतं. लहानपणापासून. मी म्हटलं बोरं पाड, तू काट्यात चढला. मी म्हटलं बाबाला सांगू नको, तू मार खाल्ला आणि सांगितलं नाही. तुझी बाई तोंडाची फाटकी आहे, ती जे बोलते त्यातलं अर्धं वाऱ्यावर सोडायचं असते, हे सगळ्या केशोरीला कळत होतं. तुलाच कळत नव्हतं? एवढ्या पावसात एका कॉमिकसाठी?

असं लिहून मी तुझ्यावर ढकलते की काय, असंही वाटते. वाटते म्हणून खोडत नाही.

आता कामाचं. मी ठरवलं आहे. येत्या अक्तीला (कॅलेंडरात अक्षय तृतीया लिहिलं आहे) दुर्गा आणि परी येतील. त्या दिवशी तुला आणि बाबाला जेवण ठेवीन, पाणी सोडीन, आणि दिवे लागल्यावर परीला बाबाची मोठी कथा सुरू करीन. दिवसा नाही. तू चुकला नव्हता हे कळलं तरी दिवसा नाही, हेमराज ट्रक चालवते. रोज थोडी थोडी, आणि रोज शेवटी सगळ्यांना कुठं ना कुठं टेकवूनच थांबीन. हा शब्द आहे माझा. हुंकार दुर्गा देईल. तिला झोप येत नाही, ती बरी देईल.

तुझ्या त्या दोघांनाही कथेत घेणार आहे. परीला पंखवाले आवडतात. बाबाला चाललं असतं की नाही, तूच त्याला विचारून घे. डोंगऱ्याच्या खांद्यावर टेकडी आहे, त्याला खड्ड्यावरचा एक दगड उचलणं काय जड? पण दुसऱ्या भागात ते खरोखर कसे निघाले हे तुला माहीत असेल तर सांग, मी तसंच सांगीन. माहीत नसेल तर मी माझ्या मनानं काढीन, आणि मग वरून "बाई, असं नव्हतं" म्हणायचं नाही.

पण ते नाही सांगितलं तरी चालेल. मला एकच पाहिजे. त्या सकाळी मी ओरडली, तेव्हा तू खिडकीतून मान बाहेर काढून काहीतरी म्हणाला होता. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तू हसून राहिला होता एवढं दिसलं. तू "आणतो" म्हणाला असशील, तर तू माझ्या बोलण्यानं गेला आणि ते मी घेऊन राहीन, मला मरेपर्यंत उचलता येते. "मले बी पाहाचं आहे" असं म्हणाला असशील, तर तू आपल्या मनानं गेला, आणि मग मी हा भार थोडा खाली ठेवीन. दोन्हीपैकी जे असेल ते. मला बरं वाटावं म्हणून दुसरं सांगू नको, मला तुझं खोटं लगेच कळते.

कावळ्याच्या रूपानं येऊ नको. कावळे सगळ्यांच्याच पानात तोंड घालतात, मला काय समजणार? स्वप्नात ये, आणि या खेपेला मासोळी मागायच्या आधी बोल. आज अमावास्येला दोन दिवस आहेत, म्हणजे अक्तीला फार वेळ नाही. अक्तीचे दिवे लागायच्या आत मला कळलं पाहिजे, काय म्हणाला होता तू?

तुझी बाई,
देवका
केशोरी